'निळा दोरा' यांना अण्णांचं उत्तर

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवतेय, रागावू नकोस. तुमच्या घरात चांगला फोन एकच. तोच कॅमेरा, तोच दुकानाचा आणि तोच दादाचा वेळ घालवायचा. मी निरोप टाकायचा आणि तो नेमका शूटिंग चालू असताना अण्णांच्या नाकासमोर उगवायचा, मग माझं काय होईल ते सोड, तुझं काही खरं नाही. शिंपीणबाईंच्या पोटात गोष्ट राहते. त्यांना म्हणावं, बारकीनं विचारलंय.

माझं बरं चाललंय. कंपनीच्या दुरुस्ती विभागात आता मला हाताखाली माणसं दिली आहेत. 'जुनी द्या, नवी न्या' योजनेतून आलेल्या शिलाई मशिनी अजूनही मागच्या आवारात मोडायला जातात. मी तिकडे बघत नाही. हे तुझ्यापुरतंच ठेव, नाहीतर अण्णा म्हणतील, "मी काय सांगत होतो?" आणि मला ते ऐकायचं नाही. ज्या माणसानं सख्ख्या मुलीला दुकानाच्या दारात उभं करून सांगितलं, की जुन्या मशिनी मोडणाऱ्यांच्या पंगतीला बसलीस, आता या दुकानाची पायरी चढू नकोस, त्याच्यापुढं वाकायला माझी मानही त्याच्याच घरची आहे.

तरी दर गुरुवारी अण्णांचा मशीनदुरुस्तीचा नवा व्हिडिओ बघते. तुला माहीत आहेच, म्हणून लपवत नाही. परवाचा बॉबिनचा ताण कसा जुळवायचा तो तर दोनदा बघितला. काय सुरेख सांगतात गं. दुकानात मला शिकवताना एवढं गोड कधी बोलले नाहीत, तेव्हा नुसतं "डोळे कुठं आहेत?"

एक विचारायचं राहतं नेहमी. तुमच्याकडे एवढी थंडी पडलीय म्हणतात आणि अण्णा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलेले? मफलर गुंडाळल्याशिवाय दात घासायला न जाणारा माणूस तो. आणि व्हिडिओखाली लोक प्रश्न विचारतात, त्यांना उत्तरं अण्णा स्वतः लिहितात का? एवढे लिहिते कधी झाले ते?

तुझी,
बारकी

१२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र शिंपीणबाईंनी ब्लाउजच्या कापडात गुंडाळून आणून दिलं. मी काही कापड टाकलं नव्हतं, त्यामुळे तुझा दादा दोन दिवस विचारतोय, ब्लाउज कसला.

थंडीचं म्हणशील तर शूटिंगला दोन मोठे दिवे लावतो, त्यांची धग इतकी असते की कॅमेऱ्यामागं मलाही घाम फुटतो. दिवे बंद झाले की आहेच मफलर. उत्तरांचं म्हणशील तर ते सांगतात आणि मी टाइप करते. त्यांचं बोट कधी एका अक्षरावर पडलंय का? पडलं की चार अक्षरं उठतात.

तब्येत वयाप्रमाणं आहे. आता पूर्वीसारखं दिवसभर दुकानात बसवत नाही. दुकान तुझा दादा बघतो, म्हणजे मशिनीकडे बघतो आणि मशीन त्याच्याकडे. सुटे भाग मागवणारे मात्र व्हिडिओमुळेच येतात. त्यावर चाललंय.

तुझी बढती वाचून फार बरं वाटलं. वेळ मिळाला तर येऊन जा की गं. मी बोलावलं असं कुणाला सांगू नकोस. दादाला तर नकोच. सहज आले म्हणून ये.

तुझी,
वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं "येऊन जा" वाचलं आणि हसू आलं, कारण तुझ्याआधीच मला बोलावणं आलंय. कुणाचं ते ऐकलंस तर खाली बसशील, म्हणून आधी बसून घे.

व्हिडिओखाली 'निळा दोरा' या नावानं कुणीतरी लिहीत असतं ते तुझ्या लक्षात आलं असेल. ती मी. दिवाळखोर डोकं आहे माझं, पण राहवलं नाही. पहिल्यांदा मुद्दाम एक प्रश्न विचारला, जाड कापडावर टाके सुटतात तर काय करू. उत्तर मला झोपेतही येतं, पण अण्णा काय म्हणतात ते बघायचं होतं. त्यांनी बरोबर उत्तर दिलं. मग मी आणखी लिहिलं, की सुई बदलूनही सुटले तर शटलचं टोक झिजलेलं असतं. त्यावर त्यांचं आलं, "तुमचा हात जाणता दिसतो. कुणाकडे शिकलात?"

वहिनी, मी ते वाचून कॅन्टीनमधून उठून बाहेर गेले. मग लिहिलं, "वडिलांकडे. आता भेट नसते." आणि त्यावर जानेवारीत अण्णांनी काय लिहिलं ते तूच टाइप केलं असशील, तुला आठवत असेल. "मग एकदा जाऊन भेटा. बापाला बोलता येत नाही, पण तो वाट बघत असतो."

अण्णांनी ओळखलं मला. अनोळखी बाईला अण्णा असं लिहिणार आहेत होय? अनोळखी बाईला ते फार तर तेल घाला म्हणतील. त्यांना तोंडानं सांगणं जमलं नसतं, असं आडून जमलं. तुला वाटेल वेडी आहे, पण मी तो मजकूर कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आता पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी अण्णा थेट गप्पा मारणार आहेत अशी जाहिरात तुम्ही टाकलीय. तेव्हा मी माझ्या नावानं लिहिणार. "अण्णा, मी बारकी. येऊ का?" एवढंच. ते सगळ्यांसमोर "ये" म्हणाले की झालं. त्यांनी हाकललंही होतं चारचौघांत, दुकानात गिऱ्हाइकं असताना. बोलवावंही चारचौघांत. एवढा मान मला हवाय.

तुझी,
बारकी

२६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हातात पडू दे म्हणून शिंपीणबाईंच्या भाच्याबरोबर शहरातल्या टपालघरात पाठवतेय.

रविवारी लिहू नकोस. माझं ऐक. कार्यक्रमात शेकडो लोक एकदम लिहीत असतात, अक्षरं सरसर वर जातात, तुझं दिसेल न दिसेल. आणि घरातली गोष्ट अशी जगापुढं कशाला? तू तशीच ये. विचारू नकोस, कळवू नकोस, थेट ये आणि मागच्या दारानं माझ्याकडे ये. बाकीचं मी आल्यावर सांगेन. पत्रात सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.

ते 'निळा दोरा' म्हणजे तू, हे मला माहीत नव्हतं गं. खरंच माहीत नव्हतं.

तुझी,
वहिनी

३ मार्च

वहिनीस,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उपयोग झाला नाही.

रविवारी नवी साडी नेसून बसले होते. फोनला कुणाची साडी दिसते? तरी नेसले. अण्णा आले, बसले, चांगले दिसत होते. कुठल्याशा पट्ट्याबद्दल बोलत होते. मी लिहिलं. सरसर वर वगैरे काही गेलं नाही, माझी ओळ बराच वेळ तिथंच होती, खाली लोकांनी बदाम टाकले, एका बाईनं लिहिलं, "अण्णा, बघा, तुमची लेक आलीय." आणि अण्णांनी मान वर केली. समोर बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि हात झटकला. असा. माशी हाकलावी तसा. मग खाली बघून पुन्हा पट्टा बसवायला लागले.

बाकीच्यांना उत्तरं येत होती. कुणाला तेल कुठलं, कुणाला सुई किती नंबरची. ती टाइप करणारी तूच. माझी ओळ तुझ्याही डोळ्यांसमोर होती आणि तू एक अक्षर लिहिलं नाहीस. माझ्या दोन सहकारी मुली शेजारी बसल्या होत्या. मीच हौसेनं बसवल्या होत्या, माझे वडील बघा म्हणून. त्यांनी हळूच पाण्याचा पेला पुढं केला.

आडून 'भेटा' म्हणायचं आणि समोर आले की हात झटकायचा, हे मला झेपत नाही. दुकानाच्या दारातलं मी गिळलं होतं. हे गिळणार नाही. पुन्हा पत्र पाठवू नकोस, मी उघडणार नाही. तुझ्याशी माझं भांडण नाही, पण तुझ्या पत्राला त्या घराचा वास येतो.

बारकी

७ मार्च

बारके,

तू उघडणार नाहीस म्हणालीस, म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की अण्णा आजारी आहेत. दादाला कळलं तर कळू दे. आता लपवून लपवून माझाच जीव घुसमटतोय.

रविवारी तू बघितलेस ते अण्णा ऑक्टोबरमधले होते.

नीट सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मग डोळ्यांना दिवे चालणार नाहीत, म्हणून अण्णाच म्हणाले, पुढचे सगळे एकदम काढून ठेवू, दर गुरुवारी एक सोडत जा. आम्ही सपाटाच लावला. एक झाला की आत जाऊन शर्ट बदलायचे, म्हणजे लोकांना वेगळा दिवस वाटेल. त्यांचे शर्ट संपले तेव्हा दादाचे घातले, पोटावर बटण लागेना तर मागून पिना लावल्या. काय हसलो आम्ही तेव्हा. ऑपरेशनची वेळच आली नाही. नोव्हेंबरात सकाळी दात घासताना पडले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात आणि वाचा गेली. कळतं सगळं, म्हणजे आम्हाला तसं वाटतं. बोलता मात्र एकच येतं. "नमस्कार मंडळी." व्हिडिओच्या सुरुवातीला म्हणायचे ना, तेवढंच जिभेवर राहिलं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या सवयीचं कधीकधी राहतं. भूक लागली तरी नमस्कार मंडळी, पाय दुखला तरी नमस्कार मंडळी. रडतानासुद्धा तेच म्हणतात.

तुझा दादा म्हणाला कुणाला सांगायचं नाही. अण्णांना असं कुणी बघितलेलं चालणार नाही, आणि बोलायला लागतील ते, व्यायाम चालू आहेत. तो वाईट नाही गं. अजून रोज सकाळी समोर बसून त्यांच्याकडून 'अ' म्हणवून घेतो. पण लोक 'अण्णा, समोर या' म्हणून मागं लागले तेव्हा ही थेट गप्पांची युक्तीही त्यानंच काढली. आधी काढलेला व्हिडिओ ठरल्या वेळी लावायचा, शेजारी मी अण्णांच्या नावानं उत्तरं लिहायची, लोकांना वाटतं माणूस आत्ता बसलाय. मी नको म्हटलं नाही. माझीही हौस होतीच त्यात. या घरात माझं म्हणणं ऐकून घेणारं पहिलं माणूस म्हणजे कॅमेऱ्यापुढचे अण्णा. "सूनबाई, उजेड बरोबर आहे का?" विचारायचे. दर गुरुवारी तो आवाज घरात लागला की मला वाटायचं, सगळं जागच्या जागी आहे.

तो हात तुझ्यासाठी नव्हता. कोपऱ्यावरचा कटिंगवाला, केस कापायला वेळ आहे का विचारायला दारात डोकावला होता, त्याला नंतर ये म्हणून झटकला. त्याचा आवाज मी काढून टाकला होता, हात तसाच राहिला.

आणि तुझी ओळ आली तेव्हा अण्णा माझ्या मागंच खुर्चीत होते. मी ती वाचून दाखवली नाही. दादा शेजारी होता. लोकांना मी तेल आणि सुई सांगत होते, ते मला व्हिडिओ ऐकून ऐकून पाठ झालंय. पण तुला 'ये' लिहायला गेले आणि बोटं चालेनात. अण्णांच्या नावानं तुला 'ये' कशी लिहू? एकदा लिहून बसलेच होते.

कारण ते 'जाऊन भेटा' अण्णांनी सांगितलेलं नाही. जानेवारीत कुठले सांगणार ते? ते मीच लिहिलं, कुणा परक्या मुलीला, माझ्या मनानं. अण्णा दिवसभर दाराकडे तोंड करून बसतात म्हणून सुचलं. मला काय ठाऊक ती परकी मुलगी आपल्याच घरची आहे. कपाटाच्या दाराचं वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

आता तू ठरव. मला शिव्या दे, पण ये.

वहिनी

११ मार्च

वहिनी,

आज बस मिळाली नाही, उद्या निघते. हे पत्र माझ्यानंतर पोचेल बहुतेक. तरी लिहितेय, कारण तुझ्यासमोर तोंडानं सांगणं व्हायचं नाही.

अण्णांची वाचा गेली हे वाचलं आणि आधी मला बरं वाटलं. म्हणजे त्यांनी मला नाकारलं नाही, एवढंच डोक्यात आलं. पाच-सहा ओळी पुढं वाचेपर्यंत मी चक्क आनंदात होते. बाप अर्धा लुळा पडलाय आणि लेक हसतेय. मग ते 'जाऊन भेटा' तुझं निघालं, आणि तेव्हा कुठं रडले. अण्णांच्या आजारासाठी रडले असते तर बरं दिसलं असतं. कशासाठी रडले ते तुला कळलं असेल.

कपाटावरचा कागद काढला. फाडला नाही, अक्षर माझंच आहे.

बारकी

२८ मार्च

प्रिय बारके,

तू जाऊन दहा-बारा दिवस झाले, घर सुनं वाटतं. तू अण्णांच्या पायाला तेल चोळायला दादाला लावलंस, ते तो अजून करतो. कुरकुरतो, पण करतो.

तू म्हणालीस तसं केलं. चॅनलवर खरं लिहून टाकलं, की अण्णा आजारी आहेत, नोव्हेंबरपासूनचे व्हिडिओ आधी काढलेले होते आणि उत्तरं सूनबाई लिहीत होती. दादा त्या दिवशी जेवला नाही. लोकांनी ढीगभर आशीर्वाद दिले, काहींनी फसवलंत म्हणून झोडपलंही, एका बाईनं लिहिलं की तुमच्यासारख्यांमुळे कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही. खोटं काय त्यात. राहिलेले व्हिडिओ सोडायचे की नाही ते ठरलं नाही. सुटे भाग मागवणारे निम्म्यावर आलेत. बघू.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं. तू चार दिवस अण्णांसमोर बसलीस आणि ते तुला एकदाही 'नमस्कार मंडळी' म्हणाले नाहीत. तू गप्प गप्प परत गेलीस. मला तेव्हा सुचलं नाही, आता उलगडलं. अगं, दूधवाल्याला म्हणतात, डॉक्टरला म्हणतात, मांजराला म्हणतात. तुलाच म्हणाले नाहीत. कारण तू मंडळींतली नव्हेस. तुला ते घासून गुळगुळीत झालेलं वाक्य द्यायचं नव्हतं त्यांना. तुझ्याशी खरं बोलायचं होतं, ते येत नाही, म्हणून तोंड मिटून बसले. याला माफी नाही तर काय म्हणायचं?

तरी खात्री करून घेतली. काल जेवण झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "अण्णा, बारकीला माफ केलंत ना?" त्यांनी मान हलवली. होकाराची, स्पष्ट. शिंपीणबाई साक्षीला होत्या. म्हणून लगेच कळवतेय. आता मनावरचा दगड उतरव.

तुझी,
वहिनी

४ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. तुझ्या पोटात माया आहे म्हणून तू लिहिलंस, ते मला कळतं, तेव्हा पुढचं वाचून डोळ्यांत पाणी आणू नकोस.

शेवटच्या दिवशी तू दुकानात होतीस तेव्हा मी अण्णांना विचारलं, "चहात मीठ घालू का?" त्यांनी मान हलवली. होकाराची, स्पष्ट. मग विचारलं, "दादाला विकून टाकू का?" तरी हलवली. मला हसू आलं, तेही हसले, आणि मला क्षणभर वाटलं की म्हातारा सगळं समजून थट्टा करतोय. नंतर वाटलं, तसं नसेलही. मी कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत बसले आणि मला ठरवता आलं नाही.

माझ्याशी ते बोलले नाहीत ते का, तेही मला ठाऊक नाही. तू म्हणतेस तसं असेल. किंवा अजून राग असेल. अण्णांचा राग तू बघितलेला नाहीस, तुझ्याशी ते उजेड बरोबर आहे का एवढंच बोलले. रागावले की ते असेच तोंड मिटून बसायचे, आठ आठ दिवस, आणि आई मधल्या मध्ये आम्हाला सांगायची, अण्णा असं म्हणतात, अण्णा तसं म्हणतात. अण्णा काहीच म्हणालेले नसायचे. तू आईचं काम अगदी बिनचूक उचललंयस.

म्हणून एक मागते. अण्णांच्या वतीनं मला आता काही लिहू नकोस. जानेवारीतलं ते एक वाक्य मी दोन महिने उराशी धरून हिंडले. दुसरं दिलंस तर तेही धरीन, कारण मला ते हवंच आहे, इतकं हवंय की खोटं आहे हे ठाऊक असूनही धरीन. ज्या माणसाला एक शब्द धड बोलता येत नाही त्याच्या तोंडी आपण आपलं सोयीचं घालायचं आणि मग त्याला धन्यवाद द्यायचे, हे आपल्या घरानं खूप केलं. त्यांनी मला माफ केलं असेल तर ते त्यांच्यापाशी आहे. नसेल केलं तर तेही त्यांचंच आहे. ते त्यांच्याकडून काढून घेऊ नको.

मी दर शनिवारी येणार आहे. कंपनीत सांगून टाकलंय. दुकानात साचलेली दुरुस्तीची कामं अण्णांसमोर बसून करीन, चुकलं तर त्यांच्या डोळ्यांत दिसतं का बघीन. नाही दिसलं तरी मशिनी दुरुस्त होतील. पायरी चढू नको म्हणाले होते, ती चढणार आहे, त्यांना न विचारता. आता विचारून उपयोग नाही, कशालाही हो म्हणतील ते.

तुझी,
बारकी